आयोवा: मुलाला आधी कम्युनिटी कॉलेज, मग युनिव्हर्सिटी, कसं राहील?

रॅपिड्सकर_आई:
आम्ही सीडर रॅपिड्सला राहतो, मुलगा यंदा अकरावीत आहे आणि त्याला मेकॅनिकल करायचंय. तो म्हणतोय पहिली दोन वर्षं इथल्याच कर्कवुड कम्युनिटी कॉलेजला काढतो मग एम्सला आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीला ट्रान्सफर घेतो, घरून जाऊन येऊन करता येईल आणि फीही बरीच कमी पडते. मला पटतंय, पण पुण्याहून सासूबाईंचा सारखा फोन की अमेरिकेत जाऊन पोराला आयटीआयला घालताय का! कुणाच्या मुलांनी केलंय का असं?

डेमॉइनवाला:
ताई, माझ्या मुलीने केलंय, अँकेनीच्या कम्युनिटी कॉलेजातून एम्सला गेली. डिग्री आयोवा स्टेटचीच मिळते हे सासूबाईंना आधी सांगा. खरी मेख क्रेडिट्समध्ये, म्हणजे प्रत्येक कोर्सला मिळणाऱ्या गुणांकांमध्ये, आहे. क्रेडिट ट्रान्सफर होणं वेगळं आणि ते मेकॅनिकलच्या डिग्रीत धरलं जाणं वेगळं. कॅल्क्युलस, फिजिक्स, स्टॅटिक्स हे एकावर एक अवलंबून असतं, एक मागे राहिला की पुढचं सगळं लांबतं. युनिव्हर्सिटीच्या साइटवर कर्कवुडचा कुठला कोर्स त्यांच्या कुठल्या कोर्सबरोबर धरतात ते दिसतं, ते बघूनच पोराला नाव नोंदवू द्या. आणि फ्रेशमनसाठीच्या (थेट पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठीच्या) बऱ्याच स्कॉलरशिप ट्रान्सफरवाल्यांना मिळत नाहीत, तोही हिशोब मांडा.

वायव्य_आयोवा:
आयटीआयचं नाव काढलंत म्हणून लिहितेय. मी एस्टरव्हिलजवळ राहते, इथे चहूकडे मका नि सोयाबीन, युनिव्हर्सिटी कुठल्या कुठे. १९६५ च्या कायद्याने आयोवातली ही कम्युनिटी कॉलेजं उभी राहिली, आज १५ आहेत, राज्यातल्या ९९ च्या ९९ काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) त्यांच्यात वाटल्या आहेत आणि बोर्ड लोकच मत देऊन निवडतात. आमच्या आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजमध्ये २००४ पासून पवनचक्कीच्या टेक्निशियनचा कोर्स आहे, कॉलेजची स्वतःची टर्बाइन आहे, पोरं हार्नेस लावून आतल्या शिडीने वर चढून काम शिकतात. या राज्याची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर बनते, ती चालू ठेवणारी माणसं इथेच तयार होतात. हॉस्पिटलमधल्या नर्सेससुद्धा. हे कॉलेज नसतं तर आमच्या गावातली कितीतरी मुलं बारावीनंतर शिकलीच नसती, त्याला कमी लेखू नका प्लीज.

डेमॉइनवाला:
अगदी बरोबर. आणि ताई, अकरावीत आहे तर आत्ताच शाळेच्या काउन्सेलरला विचारा, हायस्कूलमध्ये असतानाच कर्कवुडची क्रेडिट्स घेता येतात, फी स्कूल डिस्ट्रिक्ट (तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) भरतं. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असाल तर कॉलेजच्या खर्चाला केंद्र सरकारची फेडरल मदत मिळणार नाही, मग हे जास्तच कामाचं.

रॅपिड्सकर_आई:
एच-४ वरच आहोत हो, म्हणून तर पैशाचा एवढा विचार. काउन्सेलरला आजच मेल टाकते. कॅल्क्युलस शाळेतून एपी (परीक्षा देऊन कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारा शाळेतला कोर्स) घ्यावं की कर्कवुडचंच, मेकॅनिकलसाठी काय बरं पडेल?