अणुपाणबुडी आणि आवाजाचा प्रश्न

अणुपाणबुडी डिझेल-विद्युत पाणबुडीपेक्षा नेहमीच शांत असते, हे विधान मला पटत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली डिझेल-विद्युत पाणबुडी 'कलवरी' बॅटरीवर चालते तेव्हा तिच्यात मोटरखेरीज फारसे काही फिरत नाही. अणुपाणबुडीत मात्र वाफेची टर्बाइने, अणुभट्टीचे पंप यांची घरघर सहसा असतेच. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलेल्यांना ठाऊक असेल, इंजिनाची थरथर बाकातून थेट हाडांत शिरते. तीच थरथर समुद्रात पसरू नये म्हणून अमेरिकेच्या 'व्हर्जिनिया' वर्गाच्या अणुपाणबुड्यांत यंत्रे लवचिक आधारांवर बसवली आहेत आणि उघड्या पंख्याऐवजी पंप-जेट (नळकांड्यात बंद पंखा) दिला आहे. अणुशक्तीचा खरा लाभ वेगळाच आहे: 'व्हर्जिनिया' वर्गाच्या पाणबुडीला सुमारे 33 वर्षांच्या आयुष्यात पुन्हा इंधन भरावे लागत नाही.