आईचं इन्सुलिन आणि साडेनऊ तासांचा फरक

प्रेषक: सुनीता
विषय: तातडीचं – गुरुवारची फ्लाइट, इन्सुलिन किती वाजता?

नमस्कार मंडळी,

आई गुरुवारी रात्री मुंबईहून निघतेय, शुक्रवारी पहाटे इथे अमेरिकेत, नेवार्कला उतरेल. या वेळी बाबा बरोबर नाहीत, एकटीच येतेय. ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं लाँग अ‍ॅक्टिंग इन्सुलिन) २२ युनिट, रोज रात्री ९ ला. जेवणाआधीचं इन्सुलिन नाही, बाकी फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्या.

गुरुवारचा डोस ती मुंबई विमानतळावर ९ ला घेईल, त्याची काळजी नाही. अडलंय ते पुढच्या डोसपाशी. इथल्या शुक्रवारच्या रात्री ९ पर्यंत थांबलं तर मध्ये साडेतेहतीस तास जातात. तिच्या सवयीच्या घड्याळाने घ्यायचं तर इथे सकाळचे साडेअकरा. पुण्याच्या डॉक्टरांशी बोलणं बुधवारच्या आधी होणार नाही. कोणी हे निभावलंय का? वसुधाकाकूंच्या वेळी यादीवर चर्चा झाली होती, पण ती मेल काही केल्या सापडत नाही.

सुनीता

---

प्रेषक: दिलीप
विषय: उत्तर: तातडीचं – गुरुवारची फ्लाइट, इन्सुलिन किती वाजता?

सुनीता,

उगाच घोळ घालू नकोस. उतरल्यावर घड्याळ बदलायचं आणि इथल्या रात्री ९ ला घ्यायचं. मी दर हिवाळ्यात जातो-येतो, असंच करतो, कधी काही झालेलं नाही. त्यापेक्षा आईला सांग, इन्सुलिन चेक-इन बॅगेत अजिबात टाकायचं नाही. खालच्या सामानात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं, वितळून पुन्हा वापरायचं नाही. सगळं हातातल्या पिशवीत, मूळ खोक्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बर्फाच्या पाकिटाला थेट टेकवूनही ठेवायचं नाही, मध्ये नॅपकिन गुंडाळायचा.

दिलीप

---

प्रेषक: अंजली
विषय: उत्तर: उत्तर: तातडीचं

दिलीपकाका, सामानाचं तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर. पण वेळेचं तुमचं गणित सुनीताच्या आईला लागू होत नाही. तुमचं ट्रेसिबा आहे, म्हणजे डेग्लुडेक. त्याचा असर ४२ तासांच्याही पुढे जातो, म्हणून त्यात वेळ पुढेमागे झाली तरी निभावतं. फक्त दोन डोसांत किमान ८ तासांचं अंतर हवं. ग्लार्जिन साधारण २४ तास चालतं आणि काही जणांत त्याच्या आतच ओसरतं. साडेतेहतीस तास थांबलं तर शेवटचे नऊ-दहा तास अंगात बेसल, म्हणजे दिवसभर लागणारं पायाभूत इन्सुलिन, जवळपास नसेल. वर विमानातलं जेवण आणि रात्रभराचं जागरण. साखर वर जाणारच.

फार्मसीच्या काउंटरवर हा गोंधळ मला सतत दिसतो. “लाँग अ‍ॅक्टिंग” एवढंच लोकांच्या लक्षात राहतं, कुठलं ते सांगता येत नाही. कृपया सल्ला देताना आधी औषधाचं नाव लिहा.

अंजली

---

प्रेषक: श्रीकांत
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: तातडीचं

मग साडेअकराला घेऊन टाकायचं आणि रात्री ९ पासून इथलं रूटीन सुरू. शुक्रवारी दोन डोस होतील, पण एकदाच तर आहे. शनिवारपासून सगळं सुरळीत.

जाता जाता: हॉलची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. सजावटवाल्यांपैकी कोणी घेऊन जाणार आहे का?

---

प्रेषक: मेधा
विषय: कृपया दोन पूर्ण डोस नको

श्रीकांत, हे वाचून कोणी खरंच केलं तर? म्हणून लगेच लिहिते. माझं काम लहान मुलांचं आहे, काकूंची मी डॉक्टर नाही, निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण यात धोका कुठे आहे तो सगळ्यांना कळायला हवा.

साडेअकराला २२ आणि रात्री ९ ला पुन्हा २२, म्हणजे शुक्रवारी रात्री ९ पासून शनिवारी सकाळी साडेअकरापर्यंत अंगात दोन डोस एकावर एक. नेमकी झोपेची वेळ. आणि प्रवासाने थकलेलं सत्तरीचं माणूस त्या रात्री “भूक नाही गं” म्हणून अर्धी पोळी खाऊन झोपतं. पहाटे साखर ७० च्या खाली गेली तर ते कळायला कोणी जागं नसतं. साखर थोडे तास २२० राहिली तर ती उतरवायला वेळ मिळतो, पहाटे ३ ला ४५ वर आलेली साखर मात्र वेळ देत नाही.

ग्लार्जिन चालतं कसं हे डोळ्यांपुढे असलं तर हे पटेल. पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये ते आम्लधर्मी असतं, म्हणून पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. त्वचेखाली गेलं की तिथली आम्लता वेगळी असल्याने त्याचे अतिसूक्ष्म कण जमतात आणि ते कण सावकाश विरघळत दिवसभर इन्सुलिन सोडत राहतात. एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही, थांबवताही येत नाही. याच कारणाने ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नसतं.

सुनीता, बुधवारी डॉक्टरांना थेट दोन गोष्टी विचार. एक, शुक्रवारी इथल्या साडेअकराला पूर्ण डोस घेऊन पुढे सकाळचीच वेळ कायम ठेवली तर चालेल का. दोन, रात्रीचीच वेळ हवी असेल तर मधल्या वेळेपुरता छोटा डोस किती. काही डॉक्टर असा जोडडोस देतात, पण तो आकडा यादीवर कोणी ठरवू नये. मीही नाही. आणि पहिले दोन-तीन दिवस पहाटे ३ ला एकदा बोट टोचून बघाच.

मेधा

---

प्रेषक: निखिल (यादी व्यवस्थापन)
विषय: वैद्यकीय प्रश्नांबाबत

सर्वांना नम्र विनंती. वैद्यकीय प्रश्न आरोग्य समितीच्या यादीवर पाठवायचे असं वार्षिक सभेत ठरलं होतं. या यादीवर सध्या गणपतीचं नियोजन चालू आहे आणि प्रसादाच्या याद्या या मेलांखाली गाडल्या जात आहेत. उत्तरं तिकडे पाठवावीत.

निखिल

---

प्रेषक: वसुधा
विषय: उत्तर: वैद्यकीय प्रश्नांबाबत

निखिल, ठरलं होतं हे खरं. पण त्या यादीवर माणसं किती आहेत तेही बघ. सुनीताच्या आईची फ्लाइट गुरुवारी आहे आणि तिकडे उत्तर यायला पुढचा सोमवार उजाडतो. आपल्या अर्ध्या घरांत दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-वडील येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मधुमेह आहे. हा प्रश्न सगळ्यांसमोरच हवा. प्रसादाची यादी मी वेगळ्या विषयाने पुन्हा पाठवते.

सुनीता, गेल्या वर्षीचं विचारलंस ते असं. ह्यांच्या डॉक्टरांनी सकाळचीच वेळ ठेवायला सांगितली होती. आम्ही इथे होतो तोवर नाश्त्याआधी घेत होते, परत गेल्यावर पुन्हा रात्रीवर नेलं. त्यात काहीच जड गेलं नाही, उलट सकाळी घरात सगळे असतात, विसरणं होत नाही.

आमची खरी पंचाईत निराळीच होती आणि ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. माझ्या दिरांचं पेन नाही, कुपीतलं साधं इन्सुलिन. आपल्याकडच्या त्या कुप्या ४० च्या असतात, म्हणजे एक मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. इथे आल्यावर त्यांच्या सिरिंजा संपल्या. दुकानात मिळाल्या त्या नारिंगी टोपणाच्या, १०० च्या. वरून दोन्ही सारख्याच दिसतात, तशाच बारीक रेघा. पण ४० च्या कुपीतलं औषध १०० च्या सिरिंजने “२० युनिट” म्हणून ओढलं तर अंगात जातात फक्त ८. उलट केलं, इथली १०० ची कुपी आणि आपली लाल टोपणाची सिरिंज, तर २० च्या जागी ५०. जीवावर बेतेल. पुतणीने टोपणाचा रंग बघून हटकलं म्हणून वाचलो. तुझ्या आईचं पेन आहे, कार्ट्रिज १०० चीच, तेव्हा तुला हा घोर नाही. पण ज्यांच्याकडे कुपी आहे त्यांनी सिरिंजा मुक्कामभर पुरतील एवढ्या तिकडूनच आणाव्यात.

वसुधाकाकू

---

प्रेषक: दिलीप
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: तातडीचं

अंजली, ट्रेसिबाचं म्हणणं मान्य. एक मात्र सांगतो, औषध कमी पडलं तर घाबरायचं कारण नाही. इथे बहुतेक राज्यांत एनपीएच हे जुनं इन्सुलिन प्रिस्क्रिप्शनशिवाय काउंटरवर मिळतं, स्वस्तही आहे. पूर्वी सगळे तेच घेत होते.

---

प्रेषक: अंजली
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: तातडीचं

मिळतं, पण ग्लार्जिनच्या जागी आकड्याला आकडा असं ते लावता येत नाही. एनपीएच दुधाळ असतं, घेण्याआधी हलक्या हाताने घोळवावं लागतं आणि काही तासांनी त्याचा जोर चढतो. रात्री घेतलं तर तो जोर मध्यरात्रीनंतर. अगदीच अडलं तर डॉक्टरांना विचारून, एरवी नाही. ग्लार्जिनला मात्र इथल्या डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं, पुण्याची चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. व्हिजिटर विम्यातही आधीपासूनचा आजार बहुधा बसत नाही. म्हणून आणायचं ते हिशोबाने.

सुनीता, हिशोब असा. २२ युनिट, वर दर वेळी सुई बसवल्यावर २ युनिट हवेत सोडून बघायचे, म्हणजे रोजचे २४. तीन मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट, म्हणजे साडेबारा दिवस. सहा महिन्यांना १५ लागतात, त्यावर चार जास्तीची धरा. न उघडलेली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत, दारातल्या कप्प्यात किंवा मागच्या थंड भिंतीला लागून नको. चालू असलेली बाहेर, ३० अंशांच्या आत, २८ दिवसांपर्यंत. आणि पेन दोन आणायला सांगा. तिकडची कार्ट्रिज इथल्या पेनमध्ये बसेलच असं नाही, आणि एकुलतं एक पेन बिघडलं तर फ्रीजभर औषध असून उपयोग नाही.

---

प्रेषक: श्रीकांत
विषय: उत्तर: कृपया दोन पूर्ण डोस नको

मेधाताई, समजलं, धन्यवाद. माझ्या सासऱ्यांना डॉक्टर वर्षभर इन्सुलिन सुरू करा म्हणताहेत, ते ऐकत नाहीत. “एकदा सुई लागली की संपलं” हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. गोळ्या चार झाल्या, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९ च्या वर. त्यांच्याशी कोण बोलेल?

---

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: उत्तर: कृपया दोन पूर्ण डोस नको

श्रीकांत, त्यांना रविवारी हॉलवर घेऊन ये, मी बोलते. सुरुवात बहुतेकदा १० युनिटांपासून होते आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेकडे बघत दोन-दोन युनिटांनी वाढवतात. पेनची सुई ४ मिलिमीटरची असते, त्यांना हातात धरून बघू दे. बोट टोचताना जेवढं दुखतं तेवढंही ती दुखत नाही. वर्षानुवर्षं मधुमेह असला की स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवायची ताकद कमी होत जाते. त्यात त्यांनी काही चुकवलंय असं नाही, हे त्यांना घरातल्या कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

---

प्रेषक: माधुरी
विषय: मोदक

वरचं वाचून विचारते. हॉलवर मधुमेहवाल्यांसाठी गुळाचे मोदक वेगळे ठेवायचे का? साखरेचे बाकीच्यांना. आणि सुनीता, तुझ्या आईची हरतालिका असेल ना? आमच्याकडे काकू साबुदाण्याची खिचडी आणणार आहेत.

---

प्रेषक: अंजली
विषय: उत्तर: मोदक

माधुरीताई, वेगळे नका ठेवू. गूळ साखरेसारखाच रक्तातली साखर वाढवतो, आणि “मधुमेहवाल्यांचे” असं लिहिलेलं ताट दिसलं की लोक एकाऐवजी तीन खातात. सगळ्यांना तेच मोदक, ज्याने त्याने आपला एक मोजून घ्यावा. साबुदाणाही निव्वळ स्टार्च आहे.

---

प्रेषक: सुनीता
विषय: डॉक्टरांचं उत्तर आलं

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी डॉक्टर फोनवर भेटले.

गुरुवारचा डोस मुंबईत ९ ला. शुक्रवारी इथे साडेअकराला पूर्ण २२. शनिवारी साडेनऊ, रविवारपासून साडेआठ, नाश्त्याआधी, आणि परत जाईपर्यंत तीच वेळ. दोन-तीन तास अलीकडे आणल्याने तिच्या बाबतीत फरक पडणार नाही म्हणाले, पण पहाटेची तपासणी तीन रात्री करायचीच. विमानात उशाला ग्लुकोजच्या गोळ्या आणि ज्यूसचा छोटा डबा. ७० च्या खाली गेलं तर १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं, गरज पडली तर पुन्हा तेवढीच.

हरतालिकेचं मी मुद्दाम विचारलं. निर्जळी नको म्हणाले, स्पष्टच. खायचं नसलं तरी बेसल पूर्ण बंद करायचं नाही, त्या दिवसापुरता त्यांनी कमी आकडा लिहून दिलाय. आई फोनवर तासभर वाद घालत होती. शेवटी फळं आणि ताक घेईन म्हणाली, पूजा मात्र पूर्ण करणार. वसुधाकाकू, तुम्ही तिला एकदा फोन कराल का? तुमचं ती ऐकते.

अंजली, दुसरं पेन बाबांनी आज आणून ठेवलंय, कार्ट्रिज एकोणीस.

सुनीता

---

प्रेषक: वसुधा
विषय: उत्तर: डॉक्टरांचं उत्तर आलं

करते आज रात्रीच, तिकडची सकाळ झाली की. टोचायची जागा बदलते का तेही विचारते. पोटावर बेंबीशेजारी एकाच ठिकाणी रोज टोचून माझ्या आईला गाठी झाल्या होत्या, आणि गाठीत टोचलेलं औषध नीट शोषलंच जात नाही.

निखिल, हॉलमधला फ्रीज शनिवारी चालू ठेवायला सांग. मागच्या वर्षी फुलांसाठी तो बर्फाच्या नंबरावर ठेवला होता, त्यात औषध ठेवू नये. श्रीकांत, किल्ली माझ्याकडे आणून दे.