मदत हवी आहे : आमिश प्रेमकथा मराठीत लिहिताना

नमस्कार मंडळी, एक दीर्घकथा लिहितेय आणि मध्येच अडकलेय. नायिका आमिश विधवा (आमिश म्हणजे अमेरिकेतला मोटारीऐवजी घोडागाडी वापरणारा, जुन्या वळणाचा ख्रिस्ती पंथ). वर्षभर दुखवट्याचे काळे कपडे घालून झाल्यावर ती पेनसिल्व्हेनियातलं लँकेस्टर सोडून लेकासह ओहायोतल्या होम्स काउंटीत बहिणीकडे राहायला येते. पोरगा पहिल्याच दिवशी विचारतो, "इथल्या बग्ग्या काळ्या का गं?" लँकेस्टरच्या करड्या असतात ना! होम्स काउंटीत घोड्यांचा साज शिवणारा एक विधुर तिला भेटतो.

अडचण संवादांची आहे. आमिश लोक मोठ्यांनाही नावानेच हाक मारतात. मग मराठीत या दोघांनी एकमेकांना काय म्हणावं? "अहो" लिहिलं की ती एकदम आपल्या वाड्यातली वाटते, आणि पहिल्याच भेटीत "तू" कानाला खटकतं. मला वाटतं "तू"च खरं, पण तुम्ही काय केलं असतं?

दुसरं, क्विल्टला गोधडी म्हणू का? बायका चौकटीभोवती बसून टाके घालतात ते दृश्य मला फार प्रिय आहे, आणि गोधडी म्हटलं की आजीच्या लुगड्याची ऊब येते. पण तीच ऊब चुकीच्या गावची ठरेल का?

लग्नाचा प्रसंगही लिहायचाय. अंगठी नाही, आणि लँकेस्टरकडे मंगळवार किंवा गुरुवार, पंगतीत सेलरीची भाजी, एवढं ठाऊक आहे. तिकडे राहणाऱ्या कुणी विधवा-विधुराचं आमिश लग्न जवळून पाहिलंय का? पहिल्या लग्नापेक्षा ते साधं असतं का? प्लीज सविस्तर सांगा.