व्हर्मीरच्या घरातली पोरं गेली कुठे?

पोटमाळा: चित्रातलं घर बघितलं की तिथे राहणारा माणूस कळतो असं माझं मत आहे, पटत नसेल तर भांडा. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर, त्याचं ते दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र घ्या, १६५८च्या आसपासचं, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधे आहे. भिंतीला खिळ्यांची भोकं, खिडकीची एक काच फुटलेली, खाली पाय शेकायची पेटी. मालकीणबाई इकडे फिरकतच नसणार, हे राज्य कामवालीचं.

तिरकीट: काय राव! हा माणूस नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावात सासूच्या घरात राहायचा, १६७५ला गेला तेव्हा अकरा पोरं हयात होती. त्याच्या घराच्या आतल्या एका तरी चित्रात पोर दाखवा. आणि ती काळीपांढरी संगमरवरी फरशी? डेल्फ्टच्या साध्या घरांत लाकडी जमीन असायची. हे घर नाही, सेट आहे सेट.

पोटमाळा: अहो पण २०२२मधे म्युझियमने त्याच चित्राचं स्कॅनिंग केलं तर रंगाखाली शेकोटीची टोपली निघाली, वेताची, आत निखारे ठेवून तान्ह्या बाळाला ऊब द्यायची नि लंगोट वाळवायचे. तशी त्याच्या घरीही होती. आधी काढली मग रंगाने झाकली. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा बेडरूममधे कोंबतो तसंच की, आणि काय कोंबलं त्यावरूनच घर कळतं!

तिरकीट: म्हणजे असलं तरी पुरावा, नसलं तरी पुरावा 😄 भिंत मोकळी ठेवली की बाई उठून दिसते म्हणून झाकली, एवढंच. आणि ते फरवालं पिवळं जाकीट बघा ना, चित्रागणिक वेगळी बाई ते घालून बसलीये, आता प्रत्येकीचं घर मानायचं का?

चहाबाज: मधेच बोलतो. तसं जाकीट त्याच्या मरणानंतरच्या सामानाच्या यादीत आहे. म्हणजे घरातलं तेच बाहेर काढायचे, वेगळे कपडे घ्यायला पैसे कुठे होते, बेकरीवाल्याची उधारी सहाशे गिल्डरवर (तेव्हाचं डच चलन) गेलेली, बायकोने शेवटी त्या बेकरीवाल्याला दोन चित्रं दिली.

तिरकीट: चहाबाज, त्याची खरी ओढाताण १६७२च्या फ्रान्सबरोबरच्या युद्धानंतरची, जाकिटाची चित्रं बहुतेक त्याआधीची. गरिबी मधे आणू नका.

पोटमाळा: बरं, गरिबी सोडा. पण जाकीट घरचं होतं हे तरी मान्य ना? मग सेट कसला?