मदत हवी: कड्यावरून डॉल्फिन मोजताना अंतर कसं काढायचं?

मंडळी, आम्ही कोल्हापूरचे काही पक्षीवेडे. रंकाळा-कळंब्यावर पक्षी मोजायची सवय आहे, समुद्राशी संबंध मात्र सुरमईपुरताच! यंदा गगनबावड्याहून घाट उतरून देवगडच्या बाजूला हंपबॅक डॉल्फिन मोजायचा विचार आहे.

बोट नको, हे नक्की. इंजिन जवळ आलं की कळप दिशा बदलतो, जास्त वेळ पाण्याखाली राहतो. मग मोजणार काय, डोंबल? ड्रोनही बाद. प्राणी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, शिवाय यंत्र खाली आणलं की बिचकायची भीती. उरला कडा. हे डॉल्फिन किनारा धरून उथळ पाण्यात फिरतात, म्हणजे वरून दिसायला हवेत.

पण कळप किती लांब आहे हे ठरवायचं कसं? नुसत्या अंदाजावर आमच्यात भांडणं होणार. तासाभराने दिसलेला कळप तोच की दुसरा? आणि फिनलेस पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा भाऊबंद, त्याच्या पाठीवर परच नसतो, तो लांबून काय दिसणार! त्याचा आवाज टिपायला साधा हायड्रोफोन (पाण्याखालचा माईक) चालेल का?

खाडीकाठ:
आत रेघा आखलेली दुर्बीण घ्या. कळप क्षितिजाच्या किती रेघा खाली दिसतो ते वाचायचं. पाण्यापासून डोळ्यांची उंची माहीत असली की अंतर निघतं. यात भरती-ओहोटी धरा. कडा 20 मीटरचा समजा. पाणी 2 मीटर उतरलं तर उंची 22 होते आणि अंतरात 10 टक्क्यांचा फरक पडतो. प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहिली की भरतीचं कोष्टक नंतरही लावता येतं. मोजणी सकाळीच करा. वारा सुटून लाटांवर फेस आला की पर कुठला नि फेस कुठला, कळत नाही.

तोच कळप की दुसरा, हे कड्यावरून ठरणार नाही. त्याला परावरच्या खाचांचे स्पष्ट फोटो लागतात, म्हणजे बोट आलीच. तेव्हा एकूण संख्येच्या नादी लागू नका. किती तास बघितलं, त्यात कितीदा नि किती दिसले, एवढंच मांडा.

पॉरपॉइज जे टकटक आवाज (क्लिक) काढतो, ते 125 किलोहर्ट्झच्या आसपास असतात. आपला कान 20 ला थांबतो, साधा रेकॉर्डरही 125 पर्यंत पोचत नाही. क्लिक टिपणारं खास यंत्र लागतं. ते पाण्यात सोडण्याआधी वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे विचारा.

धागाकर्ता:
आभारी आहे, दादा. मग पॉरपॉइज यंदा राहू दे. रेघांची दुर्बीण कोल्हापुरात कुणाकडे आहे का? विकत घेण्याआधी एकदा हाताळून बघायची आहे.