लाख म्हणजे पळसाचा डिंक नव्हे

लाखेला कुणी पळसाचा डिंक म्हटलं, तर ते चूक. पळसाचा डिंक वेगळा. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर रस पिणारे बारीक किडे स्वतःभोवती राळेचं कवच करतात, ती लाख. आपल्याकडे झारखंड-छत्तीसगडात ती मोठ्या प्रमाणावर होते. खरवडून, कुटून धुतली की लाल रंग पाण्यात उतरतो आणि दाणा उरतो. तो वितळवून पातळ पापुद्रे ओढले की चपडा. औषधी गोळ्या, चकचकीत चॉकलेट-गोळ्या यांवरचा मुलामा बरेचदा हाच. वेष्टनावर ई९०४ हा त्याचा घटक-क्रमांक लिहिलेला असतो (कट्टर शाकाहाऱ्यांनी जरूर बघावं).

लाकडाच्या पॉलिशसाठी १ लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, अधूनमधून हलवा, फडक्यातून गाळा. लोखंडी डबा नको, रंग काळवंडतो. विस्तवावर तर अजिबात ठेवू नका. पावसाळी हवेत हात मारला तर ओलाव्याने पांढुरकी झाक येते. जुनं द्रावण नीट वाळत नाही, कारण लाखेतली आम्लं हळूहळू स्पिरिटशी संयोग पावतात. काचेवर थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशीही चिकट असेल तर टाकून द्या.