‘नदी सुधार’ म्हटलं की नक्की काय सुधारतं?

मुठाकाठ: पुण्यात ‘नदी सुधार’ या एकाच नावावर दोन कामं खपतात. पहिलं काम मैलापाणी शुद्धीकरणाचं: जपानच्या ‘जायका’ या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज, ११ केंद्रं, ३९६ एमएलडी (रोज इतके दशलक्ष लिटर) क्षमता, २०१६ साली साधारण ९९० कोटींना मंजूर. दुसरं काम सुमारे ४४ किलोमीटर काठ बांधून काढायचं, म्हणजे भिंती, पायवाटा, बागा. पाणी स्वच्छ होणार ते पहिल्याने, पण चर्चा आणि चकचकीत चित्रं दुसऱ्याचीच. शिवाय नावातच ‘सुधार’, त्यामुळे भिंतीवर शंका काढली की तुम्ही सुधारणेच्या विरोधात!

पेठकरी: उगाच कट शोधू नका. नाव सुटसुटीत लागतंच. काठाच्या आराखड्यातही नाल्यांचं पाणी अडवून नेणाऱ्या वाहिन्या आहेत. आणि लोक इतके भोळे नसतात. ‘भारनियमन’ म्हणजे लाईट जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कोण फसलं?

मुठाकाठ: फसलं कोणीच नाही, अंगवळणी पडलं. लोक वेळापत्रक पाहून गिरणीत जायला लागले, वीज कमी का पडते हे विचारायचं राहिलं. वाहिनीचं म्हणाल, तर ती पाणी नेते, शुद्ध करत नाही. पुढचं केंद्र तयार नसेल तर तेच पाणी थोडं खाली जाऊन नदीतच. आता काठाच्या भिंती आणि पूररेषा: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘पूररेषेत भराव’ म्हणा, लोक हरकती घेतील. ‘सुशोभीकरण’ म्हणा, बाकं कुठे बसवणार ते विचारतील.

साधा अर्ज: भांडण चालू द्या, कामाचं सांगतो. माहिती अधिकारात ‘नदी सुधारचा खर्च द्या’ असं लिहिलंत तर अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो. निविदेवरचं नाव जसंच्या तसं घाला, टप्पा लिहा (उदा. संगमवाडी ते बंडगार्डन), आणि कार्यादेश (वर्क ऑर्डर) व शेवटच्या देयकाची (बिलाची) प्रत मागा. ‘का’ विचारू नका. ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ म्हणून परत येतं. आपल्या राज्यात मजकूर १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

पेठकरी: म्हणजे फायलीवर नाव बरोबर आहे! घोळ तुमच्याआमच्या तोंडी.

मुठाकाठ: तोंडी आला कुठून? निविदा कंत्राटदार वाचतो, फ्लेक्स मतदार. अचूक नाव नेमकं कोणाच्या वाट्याला आलंय ते बघा.

पेठकरी: ‘काठबांधणी’ असा फ्लेक्स लावून कोण निवडून येईल हो? बरं, एकाच अर्जात दोन्ही कामांचं विचारलं तर चालेल का?

साधा अर्ज: नाही, एका अर्जात एकच विषय. दोन अर्ज करा, वीस रुपये.